धावपटूची दुखापत
मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. हट्टा गावच्या रस्त्यावर तिचा सराव करताना माझी नडगी दुखावली. आई म्हणते, ‘पळणं सोड अन् पुस्तक धर.’

सरावाने दम लवकर वाढतो. हाड मात्र सावकाश बळकट होते. हाडावर बोट दाबताच एकाच जागी दुखले, तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. हाडास बारीक चीर असल्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे विश्रांती लागते.

बीड जिल्ह्याचे अविनाश साबळे घोट्याच्या दुखापतीमुळे २०१८ च्या आशियाई स्पर्धेस मुकले. त्याच वर्षी त्यांनी स्टीपलचेसमधील गोपाल सैनींचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावले.

म्हणून मित्रहो, मी थांबलो आहे. पळणे सोडलेले नाही.