एकाच वेतातली पिल्लं, मग एक दांडगं आणि एक खुरटं का?

प्रश्न : माझ्याकडे न्यूझीलंड व्हाइट जातीचे ससे आहेत. आई एक, पिंजरा एक, चारा एक. तरी तीन महिन्यांनी एखादं पिल्लू दोन किलोंचं भरतं आणि त्याचंच भावंड दीड किलोही गाठत नाही. दांडग्या पिल्लांचीच पैदास केली तर पुढची पिढी मोठी होईल का?
— एक वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी

उत्तर : होईल, पण तुमच्या अपेक्षेइतकी नाही. शिवाय पिल्लू कधी तोललंत यावर बरंच काही ठरेल.

हापूसचं कलम बांधलं की नवं झाड मूळ झाडाचीच प्रत असते. सशाची पिल्लं मात्र कोयीतून उगवलेल्या रोपांसारखी. प्रत्येकाला आईकडून २२ आणि बापाकडून २२ गुणसूत्रं मिळतात, पण त्यांतून कोणती जनुकं वाट्याला येतील ते दर पिल्लागणिक बदलतं. वाढीचं एकच एक जनुक नसतं, अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. अपवाद शोभेच्या बुटक्या सशांचा. त्यांच्यातल्या एचएमजीए२ नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो, हे २०१७ मध्ये उजेडात आलं. असं जनुक एकाकडून आलं तर ससा बुटका राहतो. दोघांकडून आलं तर पिल्लू जगतच नाही. तेव्हा मांसासाठीच्या सशांत असा नर मिसळू नका.

आता आईच्या दुधाकडे वळू, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम ५०-६० ग्रॅमचं असतं आणि मादी दिवसातून बहुधा एकदाच, तीन-चार मिनिटं पाजते. तेवढ्यात आचळ सापडलं नाही तर पुढचा अख्खा दिवस उपास. सकाळी घरटं उघडून पाहा : पाजलेल्या पिल्लाचं पोट गच्च फुगलेलं दिसतं, राहिलेल्याच्या पोटावर सुरकुत्या. पाच पिल्लांच्या वेतात हा प्रश्न कमी, दहांच्या वेतात रोजचा. म्हणून दूध तोडतानाच्या वजनात आईचं दूध आणि पिल्लांची संख्याच जास्त बोलते. पिल्लाची स्वतःची जनुकं फार थोडी.

दूध तुटल्यानंतरच्या वाढीत आनुवंशिकतेचा वाटा वाढतो. तो साधारण पाव धरा आणि हिशेब करून पाहा. कळपाच्या सरासरीपेक्षा ३०० ग्रॅम जड असलेले नर-मादी निवडले, तर त्यांची पिल्लं सरासरीपेक्षा सुमारे ७५ ग्रॅमच जड निघतील. एका पिढीत हे थोडं वाटतं, पण सशाचा गाभणकाळ अवघा महिनाभराचा, त्यामुळे दरवर्षी ही भर टाकता येते.

रत्नागिरीत आणखी एक अडचण आहे, हवेची. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे आणि श्वासावाटे टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की तो खाणं कमी करतो, नराचं वीर्यही काही आठवडे कमजोर होतं. न्यूझीलंड व्हाइट मूळची अमेरिकेत घडलेली जात. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं दक्षिणेतलं ससे-केंद्रही कोडाईकनालजवळ मन्नवनूरच्या थंड डोंगरात आहे. तिथल्या वजनाचा आकडा पाहून नर आणला आणि एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात ठेवला, तर चांगली जनुकंही अर्धपोटी राहतात. माझ्या मते कोकणात थंडाव्याची शेड आधी आणि भारी नर नंतर.

काही जण रानातल्या सशाशी संकर सुचवतात. तो होत नाही. रानससा हा वेगळाच प्राणी, त्याला ४८ गुणसूत्रं. आणि त्याला पकडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

तुम्ही एवढं करा. दोन-तीन माद्या एकाच सुमारास विणतील असं पाहा आणि पहिल्या दोन दिवसांत पिल्लं सारखी वाटून द्या. निवड दूध तोडताना नको, १०-१२ आठवड्यांच्या वजनावर करा, तीही वेगवेगळ्या वेतांतून. ज्या मादीची पिल्लं जास्त जगतात तिला झुकतं माप द्या. नर बाहेरून आणि नात्याबाहेरचा आणा. घरच्या घरी जुळणी चालू राहिली की पिल्लं कमी होतात आणि खुरटतात. येत्या वेतापासून वजनांची वही घाला आणि प्रत्येक पिल्लासमोर आई-बापाचा नंबर न चुकता लिहा.