छंदाचा धंदा : स्केल मॉडेल गाड्या आणि तुमच्या तासांचा हिशोब

या विषयावरचा व्हिडिओ पाहिला असेल तर वही-पेन घेऊन बसा, कारण तिथे आकडे भरभर गेले. पाहिला नसेल तरी चालेल, इथे सगळं पहिल्यापासून घेतोय.

स्केल मॉडेल बनवणाऱ्या मुलांकडून मला एकच प्रश्न सारखा येतो. "सर, हात चांगला बसलाय, लोक फोटो बघून विचारतात कितीला देणार, मग नोकरी सोडून हेच करू का?" प्रश्न हलका नाही. विचारणाऱ्याच्या घरात महिन्याचा पगार येतोय, कधी कधी तेवढा एकच पगार येतोय. म्हणून उत्तर "पॅशन फॉलो करा" असं देणार नाही. आधी धंदा कसा चालतो ते बघू, मग हिशोब मांडू.

ज्यांना हा छंदच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लास्टिकच्या मॉडेल किटमध्ये तयार गाडी नसते. खोक्यात पॉलिस्टायरीनचे सुटे भाग असतात, एका जाळीला चिकटलेले. बॉडी, सीट, डॅशबोर्ड, इंजिन, चाकं सगळं वेगळं. ते कापायचं, घासायचं, रंगवायचं, चिकटवायचं. प्रमाण बहुतेक १:२४ किंवा १:२५. म्हणजे खरी मारुती ८००, जी साधारण ३.३ मीटर लांब आहे, ती १:२४ मध्ये १४ सेंटिमीटरच्या आसपास होते. तळहातावर मावते. हेच प्रमाण घेऊन ११ मीटरची एसटी बस केली तर ४६ सेंटिमीटर होते, आणि मग ती कुरिअरने पाठवायची कशी हा वेगळाच धंदा होऊन बसतो. ऑर्डर घेण्याआधी फूटपट्टी घ्या, हा पहिला सल्ला.

एका खोक्यात तीन गाड्या

या छंदातून मोठा धंदा पहिल्यांदा कसा उभा राहिला, ते अमेरिकेत डेट्रॉइट परिसरात बघायला मिळतं. एएमटी नावाची कंपनी १९४८ मध्ये सुरू झाली. काम काय? गाडी कंपन्यांच्या डीलरना शोरूममध्ये ठेवायला छोट्या तयार मॉडेल गाड्या पुरवायच्या. खऱ्या गाडीच्याच रंगात. ग्राहक आला की हातात द्यायची, त्याच्या मुलाला द्यायची. म्हणजे ग्राहक एकच, गाडी कंपनी, आणि ऑर्डर ठोक.

१९५८ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्याच गाड्या जोडलेल्या न विकता सुट्या भागांत विकायच्या, आणि त्याच खोक्यात जादा भाग टाकायचे. मुलाला वाटलं तर शोरूमसारखी गाडी बनव, वाटलं तर कस्टम बनव, वाटलं तर रेसिंगची बनव. "थ्री इन वन" किट म्हणतात त्याला. आता बघा यात काय काय झालं. साचा बनवणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च. तो साचा आता दोन मालांना कामाला आला. जोडणीची मजुरी कंपनीच्या अंगावरून ग्राहकाच्या अंगावर गेली, आणि ग्राहकाने त्या मजुरीसाठी उलट पैसे दिले, कारण मजा तीच होती! उरलेले जादा भाग मुलाच्या डब्यात जमा झाले आणि ते वापरायला त्याला दुसरी गाडी लागली. शिवाय त्या काळात अमेरिकन गाड्यांचं रूप दरवर्षी बदलायचं, त्यामुळे दरवर्षी नवं किट. मला विचाराल तर मॉडेलिंगच्या इतिहासातली सगळ्यात हुशार कल्पना हीच.

रेव्हेल या कंपनीची दुसरी गोष्ट. एड रॉथ हा कॅलिफोर्नियातला खऱ्या गाड्या कस्टम करणारा कलाकार. त्याच्या विचित्र गाड्यांची आणि राक्षसांच्या चित्रांची किट्स रेव्हेलने साठच्या दशकात काढली. त्याला रॉयल्टी मिळायची प्रत्येक किटमागे १ सेंट. ऐकून हसू येतं ना? पण १९६३ मध्ये ही रॉयल्टी ३२,००० डॉलर झाली. भागाकार स्वतः करा, किती किट्स खपली असतील ते कळेल. रॉथने स्वतः हाताने एकेक मॉडेल बनवून विकलं असतं तर किती बनवली असती?

आणि जपानच्या शिझुओकामधली तामिया. ही कंपनी १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली, पुढे लाकडी मॉडेल्स, मग प्लास्टिक. १९७६ मध्ये त्यांनी पोर्शे ९३४ चं १:१२ प्रमाणाचं किट काढलं. मापं बरोबर यावीत म्हणून खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि खोलून टाकली. इतका खर्च एका शोभेच्या किटमधून वसूल होणं कठीण. मग त्यांनी त्याच बॉडीखाली मोटर घालून रिमोट कंट्रोलची गाडी काढली, आणि तिथून तामियाच्या रिमोट गाड्यांचा सगळा कारभार सुरू झाला.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते का? एकदा केलेलं काम अनेकदा विकलं गेलं. आपला घरगुती मॉडेलर मात्र एकदा केलेलं काम एकदाच विकतो. इथून अडचण सुरू होते.

तास जातात कुठे

ज्याने कधी मॉडेल बनवलं नाही त्याला वाटतं, चिकटवायला किती वेळ लागणार. चिकटवायला खरंच वेळ लागत नाही. स्टायरीनचं सिमेंट हे गोंद नसतंच, ते प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं. वेळ जातो त्याच्या आधी आणि नंतर.

बॉडीवर साच्याची बारीक रेघ असते, ती घासून काढावी लागते. खड्डे असतील तर पुटी, म्हणजे गॅरेजवाल्यांची लांबी. मग ४०० पासून वर चढत जाणारे पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून. मग भांड्याच्या साबणाने धुवायचं, कारण साच्यातून सुटायला लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. मग प्रायमर. तो वाळू द्यायचा, परत घासायचं. मग रंगाचे पातळ पातळ हात, प्रत्येकामध्ये थांबायचं. मग क्लिअर. मग दिवसच्या दिवस थांबून कंपाऊंडने पॉलिश. क्रोमचे भाग चिकटवायचे तर आधी जोडाच्या जागेचं क्रोम खरवडायचं, नाहीतर सिमेंट धरणारच नाही. काचा फेविक्विकने लावल्या तर वाफेने पांढऱ्या पडतात, तिथे फेविकॉलसारखा पांढरा गोंद बरा.

आपल्याकडे दोन गोष्टी खास सांभाळायच्या. एक, गाड्यांच्या टचअपचा लॅकर रंग स्वस्त मिळतो म्हणून थेट स्टायरीनवर मारू नका. त्याचा थिनर प्लास्टिक खातो, पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा येतात. आधी चांगला प्रायमर, मग धुक्यासारखा हलका हात. दुसरी गोष्ट, पावसाळा. हवेत दमट वाढलं की लॅकरवर पांढुरकी साय येते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे रोजचं आहे. म्हणजे तुमच्या धंद्याचे चार महिने रंगकाम कोरड्या दिवसाची वाट बघणार. ग्राहकाला दिलेली तारीख ठरवताना कॅलेंडर बघा, आणि गणपतीच्या आत देतो असा शब्द देताना तर दोनदा बघा. (मास्क आणि उघडी खिडकी हे सांगायलाच नको. तरी सांगतो. घरात लहान मूल असेल तर स्प्रे घरात नाहीच.)

आता वही काढा

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही भरा. समजा किट २,८०० रुपयांचं. रंग, प्रायमर, पुटी, पेपर यांचा वाटा ७००. ॲक्रिलिकचा डबा ९००. पॅकिंग आणि कुरिअर ६००. झाले ५,०००. तुम्ही ग्राहकाला सांगितले ७,५००, तो "जरा कमी करा" म्हणत कबूल झाला, आणि तुम्ही घरी येऊन म्हणालात, अडीच हजार सुटले.

सुटले का? त्या गाडीला ३४ तास लागले असतील तर ताशी पडले ७३ रुपये. यात कॉम्प्रेसरची झीज नाही, वीज नाही, बिघडलेली बॉडी परत रंगवली ते तास नाहीत, ग्राहकाशी फोनवर घालवलेले तास तर कोणीच धरत नाही.

उलट करून बघू. ताशी १५० धरा. ३४ तासांचे ५,१००. खर्च ५,०००. झाले १०,१००. मोडतोड आणि परत कामासाठी १० टक्के धरले तर ११,१०० च्या आसपास. हा खरा भाव. आता खरी परीक्षा, या भावाला महिन्याला किती ग्राहक आहेत? आणि समजा ऑर्डर भरपूर आल्या, तरी महिन्याला २०० तास टेबलाशी बसून सहाच्या आत गाड्या होतात. मजुरी हाताला ३०,००० च्या आसपास, तेही पाऊस नसताना, पाठ शाबूत असताना. म्हणून नोकरी सोडू का, याचं माझं उत्तर : या पद्धतीने, नाही. शनिवार-रविवार करा.

पण पद्धत बदलता येते. पहिला मार्ग, पूर्ण किट न बांधता तयार मॉडेलचं कस्टम काम. तयार गाडी १,५००, साहित्य ४००, पॅकिंग-कुरिअर ५००, आणि १२ तासांचे १,८००. एकूण ४,२००. आता एकाच रंगाच्या पाच गाड्या एकदम घेतल्या तर प्रायमर एकदा, रंग एकदा, एअरब्रश धुणं एकदा. गाडीमागे ८ तास लागले तरी भाव ३,६०० पर्यंत उतरतो आणि तुमचा ताशी दर तोच राहतो. भाव उतरला, मजुरी नाही उतरली. घासाघीस करणाऱ्या ग्राहकाला देण्यासारखं उत्तर हेच आहे.

दुसरा मार्ग, जिथे भाव माणूस वस्तूकडे बघून ठरवत नाही तिथे जा. मुंबईची पद्मिनी टॅक्सी घ्या. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ ची, वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. ज्याच्या वडिलांनी आयुष्यभर ती चालवली, त्याला बाजारातली कुठलीही टॅक्सी नको असते. त्याला तो नंबर हवा असतो, डॅशबोर्डवरचा तो देव, मागच्या काचेवरची ती अक्षरं. तसंच एसटीच्या लाल बसचं. सनबोर्ड कापून त्या बनवणारी मुलं महाराष्ट्रात आहेत, आणि निवृत्तीच्या समारंभात ड्रायव्हर-कंडक्टरना अशी बस भेट देणं हे शालीनारळापेक्षा किती वेगळं होईल बघा. आगाराच्या नावाची पाटी बरोबर पाहिजे, बस्स. इथे एकदा काढलेले कटिंगचे नमुने आणि एकदा बनवलेलं डेकलचं आर्टवर्क पुढच्या प्रत्येक बसला चालतं. एएमटीचा साचा तो हाच, तुमच्या आकारात.

तिसरा मार्ग सुटे भाग, डेकल शीट्स आणि शिकवणी. मुलांना सुट्टीत चार दिवस शिकवलं तर तेच कौशल्य दहा जणांना एकदम विकलं जातं. मी स्वतः या मार्गाच्या बाजूचा आहे, पण माझा धंदाच शिकवण्याचा, तेव्हा माझं मत थोडं बाजूला ठेवून ऐका.

कायद्याचं थोडक्यात, पण टाळू नका. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुम्ही शोभेची वस्तू बनवताय आणि जाहिरातीत "मुलांसाठी मस्त खेळणं" लिहिताय, तर अडचण स्वतःहून ओढवताय. ग्राहकाच्या स्वतःच्या गाडीची एक प्रतिकृती वेगळी आणि कंपनीचा लोगो लावून पन्नास गाड्यांची मालिका वेगळी, तिथे ट्रेडमार्कचा प्रश्न येतो. आणि वस्तू परराज्यात विकताना जीएसटी नोंदणीत लहान उलाढालीची सूट साधारणपणे मिळत नाही, तेव्हा पहिलं पार्सल बाहेर जाण्याआधी सीएकडे एक चक्कर मारा. परदेशातून किट मागवताना सीमाशुल्क किटच्या खर्चातच धरा.

शेवटी ऑर्डरचा कागद. व्हॉट्सॲपवरचं "ओके दादा" म्हणजे ऑर्डर नाही. एक पान करा : गाडीचं मॉडेल आणि वर्ष, चारही बाजूंचे फोटो, उन्हात काढलेला रंगाचा फोटो, नंबरप्लेट, काय करणार नाही याची ओळ (दार उघडणार नाही, इंजिन दिसणार नाही), रंग सुरू झाल्यावर बदल केल्यास जादा पैसे, कुरिअरमध्ये मोडलं तर कोण काय देणार. किटचे सगळे पैसे आणि मजुरीची निम्मी रक्कम आगाऊ. त्याच पानाच्या मागे तुमच्यासाठी तारीखवार तास लिहायचे, प्रामाणिकपणे, दोन मिनिटांचं काम वीस मिनिटांचं झालं तर वीसच. अशी सहा पानं भरली की तुमचा खरा ताशी दर तुमच्या हातात असेल, आणि नोकरीबद्दल मला विचारायची गरज राहणार नाही.