परसबागेची निगा व वेळेवर तोडणी

पावसाळ्याच्या आरंभी परसबागेसाठी भाजीपाल्याचे बी गावोगाव वाटले जाते व लोकही ते हौसेने लावतात. मात्र भाद्रपदात त्याच बागा पाहावयास जावे, तर पुष्कळ ठिकाणी वाफ्यांत गवत माजलेले, वेल जमिनीवर लोळत असलेले आणि भेंडीच्या झाडांवर वीतभर लांबीच्या निबर शेंगा लोंबत असलेल्या आढळतात. बी रुजविणे हे फारसे अवघड काम नव्हे. पुढील तीन महिने रोज अर्धा तास बागेत घालविणे, हे खरे काम होय.

याच तीन महिन्यांत घरातील रोख पैसा बियाणे, खते व मजुरी यांत गुंतलेला असतो आणि बाजारात भाजी महाग असते. अशा वेळी गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्या ताटात भाकरीबरोबर केवळ चटणी येते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी म्हणूनच बी वाटून न थांबता, श्रावणात व भाद्रपदात एकेकदा तरी प्रत्येक बागेस भेट द्यावी.

निगा

पावसाळ्यात पाणी देण्यापेक्षा पाण्याचा निचरा करण्याकडे अधिक लक्ष पुरवावे. मिरची, वांगी व टोमॅटो यांच्या बुंध्याशी पाणी साचल्यास मुळे कुजतात, सबब ही रोपे गादीवाफ्यावर किंवा सरीच्या वरंब्यावर असावीत. उघडीप लांबल्यास मात्र हलके पाणी नियमितपणे द्यावे. टोमॅटोस कधी भरपूर व कधी मुळीच पाणी न मिळाल्यास फळे तडकतात. न्हाणीचे सांडपाणी चर काढून अळू व केळीकडे वळवावे. कोथिंबीर, मुळा इत्यादी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस ते देऊ नये.

उगवणीनंतर पहिल्या महिन्यात दोन खुरपण्या अवश्य कराव्यात. दाट उगवलेली रोपे उपटण्यास लोकांचा जीव होत नाही, असा अनुभव आहे. परंतु विरळणी न केलेल्या मुळ्यास केवळ पाला येतो. भेंडीच्या दोन झाडांत सुमारे वीतभर अंतर राखावे. दुधी, दोडका व कारली यांचे वेल मांडवावर अथवा कुंपणावर चढवावेत, म्हणजे फळे जमिनीस टेकून सडत नाहीत.

दुधीच्या कळ्या का गळतात?

ही तक्रार प्रत्येक गावी ऐकू येते. एका दुधी भोपळ्याच्या वेलावर नर व मादी अशी दोन प्रकारची फुले असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते, नर फुलास ते नसते. नर फुले गळणे स्वाभाविकच आहे. मादी फुलातील फळ पिवळे पडून गळत असेल, तर बहुधा परागीभवन झालेले नसते. दुधीची फुले सायंकाळी उमलतात. त्या वेळी मधमाश्यांचा वावर थोडा असतो. ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात व आतील परागकोश मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. दोडक्यासही हाच उपाय लागू आहे. काकडी व कारली यांची फुले सकाळी उमलतात, म्हणून त्यांचे हे काम सकाळी करावे. प्रस्तुत लेखकाने हे पुस्तकात वाचले होते खरे, परंतु हाताची सफाई शिकविली ती एका वृद्ध शेतकरी बाईंनी, कंदील धरून.

तोडणी

झाडाचा सर्व खटाटोप बी तयार करण्यासाठी असतो. शेंग अथवा फळ झाडावरच निबर झाले, की झाडाची शक्ती बियांकडे जाते व नवी फुले कमी येतात. याउलट कोवळे फळ वारंवार तोडीत राहिल्यास झाड पुनःपुन्हा फुलते. ‘घरात आज भाजी आहे, मग कशाला तोडा?’ हा विचार परसबागेस मारक आहे. जादा भाजी शेजारी द्यावी; पण झाडावर ठेवू नये.

भेंडीचा तोडा फुले लागल्यावर दर दुसऱ्या दिवशी करावा. शेंगेचे टोक बोटाने वाकविले असता कट्कन मोडले, तर ती कोवळी समजावी. तोडणी सकाळी करावी व लव हातास खाजत असल्यास फडके गुंडाळावे. वांग्याची साल चकाकत असेपर्यंतच ते देठासह कापावे; चकाकी गेली, की आत बी धरले असे जाणावे. दुधीच्या सालीत नख सहज रुतले पाहिजे. दुधीचा तुकडा जिभेला कडू लागल्यास तो सर्वच्या सर्व टाकून द्यावा. कडू दुधी विषारी असतो व त्याच्या रसाने माणसे दगावलेली आहेत.

पालक जमिनीपासून चार बोटे वर कापावा, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत पुन्हा फुटतो. मेथी व कोथिंबिरीचे सर्व बी एकाच दिवशी पेरू नये. दर दहा दिवसांनी लहानसा वाफा पेरावा. कोथिंबिरीसाठी धने रगडून दोन भाग करून पेरावेत.

कीड व औषधे

वांग्याचा शेंडा मलूल दिसल्यास आत अळी आहे असे समजून तो छिद्राच्या खालून कापावा व जाळून टाकावा. भेंडीची पाने पिवळ्या शिरांची झाल्यास तो केवडा रोग होय. हा पांढऱ्या माशीमुळे पसरतो. असे झाड दिसताच उपटावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण या रोगास प्रतिकारक म्हणून काढलेला आहे. मावा व तुडतुड्यांसाठी ५० ग्रॅम निंबोळीची पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून व किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारावी.

कपाशीवर फवारून उरलेले औषध परसबागेत मारण्याची चाल अनेक ठिकाणी दिसते. ही चाल अत्यंत घातक आहे. ज्या झाडाची भेंडी परवा ताटात यावयाची, त्यावर असे औषध कदापि मारू नये, व त्याचा पंपही तेथे वापरू नये.

बियाण्यासाठी प्रत्येक भाजीचे एक निरोगी झाड आरंभीच निवडून त्यास चिंधी बांधावी व त्यावरील फळे तोडू नयेत. अशी फळे झाडावर पूर्ण वाळू द्यावीत. वांगी व टोमॅटो यांची फळे मात्र पूर्ण पिकल्यावर काढून बी धुवावे. सावलीत सुकविलेले बी राखेत मिसळून झाकणाच्या बाटलीत भरावे व बाटलीवर भाजीचे नाव आणि महिना लिहावा. संकरित वाणाचे बी याप्रमाणे धरू नये, कारण त्यापासून सारखी झाडे मिळत नाहीत.