शब्द आणि श्रम : ‘असोसिएट’ की ‘कामगार’?

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• श्रमविषयक शब्दांच्या निवडीमागील सामाजिक हितसंबंध ओळखता येतील.
• गिरणी व सॉफ्टवेअर उद्योगांतील श्रमभाषेची तुलना करता येईल.
• हुद्दा आणि कामाचे स्वरूप यांतील भेद विशद करता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, भाषा व्यवहाराचे वर्णन करते, तशीच ती व्यवहार घडवतेही. ठाण्यातील माजिवडा नाका हे या विधानाच्या अभ्यासाचे सोयीचे क्षेत्र आहे. पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिककडे जाणारा रस्ता व घोडबंदर रस्ता येथे एकत्र येतात. जवळच वागळे इस्टेट आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ही पहिली वसाहत. तेथील यंत्रावर काम करणारा स्वतःला निःसंकोच ‘कामगार’ म्हणवत असे. आज याच नाक्यावरून घोडबंदर रस्त्यावरील किंवा ऐरोलीतील कंपनीकडे जाणारा सॉफ्टवेअर अभियंता सहसा तसे म्हणवत नाही. या बदलाचा अर्थ आपण तपासणार आहोत.

१. ‘कामगार’ या शब्दाची प्रतिष्ठा
ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुटी मान्य झाली. पुढे नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) सारख्या संग्रहांमुळे कामगार हा मराठी कवितेचा नायक झाला. ‘कामगार’ हा शब्द अशा रीतीने समान हिताची जाणीव देणारा ठरला.

२. संगणक उद्योगाची परिभाषा
सॉफ्टवेअर कंपन्यांत माणसाला ‘असोसिएट’ किंवा ‘रिसोर्स’ म्हणतात. पहिला शब्द भागीदारीचा भास निर्माण करतो. दुसरा माणसाला साधनसामग्रीच्या रांगेत बसवतो. प्रकल्पाविना असणे म्हणजे ‘बेंचवर’ असणे. गिरणीतील ‘बदली’ कामगार रोज दारापाशी कामाची वाट पाहत असे व काम न मिळाल्यास त्याची मजुरी बुडे. बेंचवरील अभियंत्याला वेतन मिळते, परंतु नोकरीची अनिश्चितता दोघांनाही ग्रासते.

कामाच्या वेळेचेही असेच आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा ठाण्यात ऋतुमानानुसार सायंकाळचे ६.३० किंवा ७.३० वाजलेले असतात. त्यामुळे ग्राहकाचा दिवस अभियंत्याच्या रात्रीत शिरतो. याला ‘लवचीक वेळ’ म्हटले की जादा काम हा शब्दच मागे पडतो.

३. कायद्याची भाषा
महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मुळात दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामासाठी दुप्पट वेतन ठरवले. मात्र व्यवस्थापकीय पदे त्याच्या संरक्षणाबाहेर राहतात. म्हणून ‘मॅनेजर’ ही पदवी केवळ सन्मानाची बाब उरत नाही. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ आणि त्याची जागा घेणारी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता यांत कुशल व तांत्रिक काम करणाऱ्याचा समावेश ‘कामगार’ या संज्ञेत होतो. हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष मुख्य काम महत्त्वाचे, हे तत्त्व न्यायालयांनी मान्य केले आहे.

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२,००० जणांच्या, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के, कपातीची घोषणा केली. तिच्या निवेदनात ‘असोसिएट’ना ‘रिलीज’ करण्याची भाषा होती. येथे शब्दाचे मोल ध्यानात घ्यावे. एक वर्ष अखंड सेवा झालेल्या कामगाराची कपात झाल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई देय असते. स्वेच्छेने नोकरी सोडल्यास ती तरतूद लागू होत नाही. कोणत्याही उद्योगात दडपणाखाली लिहिलेला ‘राजीनामा’ हा एकच शब्द कुटुंबाचा आधार हिरावू शकतो.

परदेशातही हा प्रश्न आहे. २०२१ च्या जानेवारीत गूगलच्या अमेरिकेतील कर्मचाऱ्यांनी संघटना जाहीर केली, तेव्हा तिच्या नावात त्यांनी ‘वर्कर्स’ हाच शब्द ठेवला.

सारांश
गिरणी कामगार आणि सॉफ्टवेअर अभियंता यांचे वेतन व राहणीमान भिन्न आहे. दोघांचे जीवन सारखेच आहे असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. तथापि दोघेही आपले श्रम व वेळ विकतात. हे साम्य झाकणारी किंवा उघड करणारी शक्ती भाषेत असते.

स्वयंअध्ययन प्रश्न
१. ‘बदली’ आणि ‘बेंच’ या संज्ञांची तुलना करा.
२. ‘रिलीज’, ‘राजीनामा’ व ‘कपात’ या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करा.
३. आपल्या कामाच्या ठिकाणी रूढ असलेले पाच शब्द नोंदवा. प्रत्येक शब्द कोणाच्या सोयीचा आहे, ते सकारण लिहा.