मागच्या दिव्याचा जोड

शाहूपुरी, सातारा

चि. संदीप,

कराडच्या लग्नात बबनमामा भेटले. भर पंगतीत म्हणाले, "तुमच्या पुतण्यानं वायरिंग केलेल्या उसाच्या ट्रॉलीचे मागचे दिवे रात्री आष्ट्याच्या रस्त्यावर गेले. मोटारसायकलवाला धडकता धडकता वाचला." पुढचा घास घशाखाली उतरला नाही माझ्या. मामांच्या बोलण्यात तिखटमीठ किती असतं ते आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला एवढं सांग, तो जोड तू केला होतास का?

हंगाम सुरू आहे. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे मागं लोंबलेले, दिवे असले तरी अर्धे झाकलेले. तेही गेले की अंधारात ती ट्रॉली म्हणजे रस्त्यात उभी केलेली भिंत. मागून येणाऱ्या पोराला ती हाकेवर आल्याशिवाय दिसत नाही.

मामा म्हणतात, वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. संदीप, दादाच्या दुकानात हे चालतं? टेपचा गोंद उन्हानं आणि इंजिनाच्या तापानं सुटतो, कड उचलते. तिथून शिरलेलं पाणी जोडापाशी थांबत नाही, तांब्याच्या बारीक तारांमधून आवरणाखाली पुढं पुढं सरकतं. हे तुला मी काय सांगायचं? 2019 च्या महापुरानंतरच्या गाड्या तूच उघडल्या आहेस. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर. बुडालेल्या गाड्या धुऊन, वाळवून सुरू झाल्या, आणि मग एकेक दिवा बंद पडायला लागला. जोड सोडवला की आत हिरवी पूड. तू मला फोटो पाठवायचास. ते पाहिलेला मुलगा ट्रॉलीखालचा जोड टेपवर सोडेल, हे मला खरं वाटत नाही. म्हणून पुन्हा विचारतो, तो जोड तुझा होता का?

ट्रॉलीखालच्या जोडावर टेपऐवजी तापवली की आकसणारी गोंदवाली स्लीव्हच घाल. साधी स्लीव्ह तापली की निम्म्यावर आकसते; ती डॅशबोर्डच्या आत, कोरड्या जागी ठीक. गोंदवाली बहुतेक तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि आतला गोंद वितळून वायर धरून ठेवतो, म्हणून पाण्याला वाट राहत नाही. वायरी जोडण्याआधी ती एका वायरीवर ओवून लांब सरकवून ठेव, नाहीतर जोडाला कथलाचा डाग देतानाच आकसून बसेल. जोडाच्या दोन्ही बाजूंना चांगल्या आवरणावर पेरभर तरी चढली पाहिजे. लायटर लावू नकोस. काजळी धरते, एक बाजू करपते आणि दुसरी कच्ची राहते. हीट गननं मधून कडांकडं, फिरवत फिरवत ताप दे. दोन्ही टोकांना गोंद जरासा बाहेर दिसला की थांब. गार होईपर्यंत वायर वाकवू नकोस. आणि डागाच्या कडेला वायर ताठ होते, धक्क्यांनी नेमकी तिथंच तुटते. तेव्हा शेजारी क्लिप मारून ती बांधून घे.

ट्रॉलीचं अर्थिंग हुकाच्या भरवशावर ठेवू नकोस. गंज आणि चिखलातून अर्थिंग नीट मिळत नाही, दिवे मिणमिणतात. ट्रॅक्टरपासून वेगळी वायर ओढ. दादा नेहमी ओढायचा.

दादानं मला त्या दुकानात भागीदारीत बोलावलं होतं. मी साताऱ्याची नोकरी धरली. पगार वेळेवर मिळाला, आता पेन्शन मिळते, पण भावाशेजारी बसून काम करायचं राहिलं ते राहिलंच. तो गेला तेव्हा तू बारावीत होतास आणि किल्ल्या तुझ्या हातात पडल्या. निदान वर्षभर तरी मी सांगलीला येऊन राहायला हवं होतं. ते अजून मनाला लागून आहे. जे तुझ्याजवळ बसून दाखवायचं ते आता पत्रात लिहितोय.

तुझी ओढाताण मला कळते. फडावर ट्रॅक्टर अडला की टोळी बसून राहते. मालक घाई करतो, "टेप मार आणि सोड" म्हणतो, आणि पैसे हंगाम संपल्यावर देतो. अशा माणसाला नाही म्हणायला जीव घट्ट करावा लागतो. तरी मागच्या दिव्याच्या बाबतीत नाही म्हण. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

त्या ट्रॉलीवाल्याला बोलाव आणि जोड पैसे न घेता नवा करून दे. तुझा असेल तर दे, नसेल तरी दे. रस्ता आपल्याच माणसांचा आहे. स्लीव्हच्या मालाला पैसे कमी पडत असतील तर लाजू नकोस, मला सांग. माझी हीट गन इथं नुसतीच पडून आहे, ती घेऊन जा.

पत्र जरा कडक झालं असेल तर मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या हाताला दादाचा गुण आहे, हे मी मामांना त्याच पंगतीत सांगितलं. रात्री दुकान वेळेवर बंद करत जा. वहिनी जेवायच्या थांबतात आणि त्यांना आता उपाशी राहणं झेपत नाही. त्यांना माझा नमस्कार सांग. काकू तुझी रोज आठवण काढते. रविवारी ये. खरं काहीही असलं तरी मी रागावणार नाही, फक्त ये.

तुझा,
आबाकाका