न पाहिलेला सामना

दिवाळीच्या सुट्टीत मी देवासला मामांकडे गेलो होतो. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ पासून ज्या गावी राहिले, तेच हे देवास. टेकडीवरच्या चामुंडेचे दर्शन घेऊन घरी परतल्यावर मामांनी कपाटातून एक लहानसा चषक काढून दाखवला. १९७९ साली धारला झालेल्या निमंत्रितांच्या बास्केटबॉल स्पर्धेत त्यांच्या महाविद्यालयाने अंतिम सामना जिंकला होता, आणि शेवटचे दोन गुण मामांचे होते.

"मामा, तो सामना किती लोकांनी पाहिला असेल?" मी विचारले.

"पंच धरून चाळीस," मामा हसून म्हणाले. "आता सांगितले तरी कोणी खरे मानत नाही रे!"

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. हाच खेळ, हेच वय. मग अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलला कोट्यवधी प्रेक्षक कसे लाभले, हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला.

तेथेही आरंभ लहानच होता. २८ फेब्रुवारी १९४० रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील दोन महाविद्यालयीन सामने प्रथम दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. पण त्या वेळी संच होते तरी कितीजणांकडे? १९५४ साली राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना देशभर दिसला. खरी कलाटणी मिळाली ती २० जानेवारी १९६८ रोजी. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये ह्यूस्टन आणि यू.सी.एल.ए. हे दोन अपराजित संघ समोरासमोर आले. मैदानात ५२,६९३ प्रेक्षक होते. एल्विन हेजने ३९ गुण केले, ह्यूस्टनने ७१-६९ असा विजय मिळवला आणि यू.सी.एल.ए.ची सलग ४७ विजयांची मालिका खंडित झाली.

परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो व्यवहार. अजिंक्यपदाबाहेरचा सामना रात्रीच्या मुख्य वेळी देशभर दाखवण्याची ही पहिलीच खेप होती. एडी आइनहॉर्न या व्यावसायिकाने २७,००० डॉलरना हक्क घेतले आणि शंभराहून अधिक केंद्रांना एकेक करून सामना विकला. येथे स्थिर खर्चाचा नियम दिसतो. कॅमेरे, तारा, समालोचक यांचा खर्च प्रेक्षक हजार असोत की लाख, जवळजवळ तितकाच. प्रेक्षक वाढले की दरडोई खर्च घटतो आणि जाहिरातदार पुढे येतो. पुढच्याच वर्षी, १९६९ साली, अजिंक्यपद स्पर्धेच्या हक्कांसाठी एन.बी.सी.ने पाच लाख डॉलरांहून अधिक मोजले. मात्र ज्यांच्या खेळावर हा व्यापार उभा राहिला त्या विद्यार्थ्यांना त्या पैशात वाटा नव्हता, ही नोंदही खात्याच्या दुसऱ्या बाजूला केली पाहिजे.

आपल्याकडे दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले, त्यावर जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून आल्या आणि राष्ट्रीय कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८२ पासून. लहान गावांत प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली ती १९८४ साली. म्हणजे मामा धारला खेळले तेव्हा देशभर एकाच वेळी दिसणारा कार्यक्रमच नव्हता. पुढे तो आला तरी दुकान एकच होते. तेथे नकार मिळाला की दुसरे दार नाही. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. तोवर प्रेक्षक आणि पैसा दोन्ही क्रिकेटकडे वळले होते.

यावरून मला एकच गोष्ट पटली. खेळ लोकप्रिय होतो म्हणूनच तो दाखवला जातो असे नव्हे. कोणीतरी जोखीम पत्करून दाखवतो, म्हणूनही तो लोकप्रिय होतो.

आज ती जोखीम किती उरली आहे? प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. माझी जिमखान्याला नम्र विनंती आहे की, येत्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या वेळी मैदानाच्या कडेला एक मोबाइल उभा करावा आणि मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत समालोचन करावे. कन्नडची बाजू हवी तर मी सांभाळीन. प्रेक्षक किती मिळतील, हे सांगता येत नाही. एक मात्र नक्की आहे. ते देवासला राहतात, आणि त्यांच्या कपाटात एक चषक आहे.