इंटर्नशिपचे पहिले पाच आठवडे आणि एक पे-स्लिप

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ घेता घेता दोन-तीन कुटुंबांनी एकच प्रश्न विचारला. मुलीला, भाच्याला किंवा ओळखीच्या कोणाला तरी डब्लिनमध्ये इंटर्नशिप मिळाली आहे, तर पैशाच्या बाबतीत काय पाहावे? उभ्या उभ्या सांगण्यासारखे उत्तर नव्हते, म्हणून हा लेख. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, करसल्लागार नाही आणि डॉक्टर तर नाहीच. पण २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या टॅलाच्या घरी जे घडले ते सांगतो.

माझी भाची सांगलीहून एम.ए. करायला डब्लिनला आली आणि आमच्याकडेच राहिली. जूनमध्ये तिला शहरातल्या एका कम्युनिकेशन्स कन्सल्टन्सीत बारा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. ही जाहिरात कंपनी नव्हे. एखाद्या कंपनीने किंवा संस्थेने वर्तमानपत्रांशी, सरकारशी आणि लोकांशी काय बोलावे, कधी बोलावे आणि कधी गप्प बसावे, याचा सल्ला देऊन ही मंडळी पोट भरतात. आपल्याकडे असा धंदा असू शकतो हे माझ्या वडिलांना फोनवर समजावताना माझी पुरेवाट झाली.

सकाळी लुआसच्या रेड लाइनवर पाऊण तास जातो. तेवढ्यात ती 'मॉर्निंग आयर्लंड' ऐकायची आणि 'आयरिश टाइम्स', 'इंडिपेंडंट', 'एक्झॅमिनर' चाळायची. साडेआठला ऑफिसात पोचायचे आणि नऊच्या आत ग्राहकांविषयी काय छापून आले त्याचा पाच ओळींचा गोषवारा पाठवायचा. सहाव्या ओळीला वरिष्ठ बाई काट मारत. पहिल्या आठवड्यात तिने एका सायकल विकणाऱ्या ग्राहकासाठी प्रसिद्धिपत्रक लिहिले. शाळेतल्या निबंधासारखी प्रस्तावना, मग सायकलीचा इतिहास, मग पर्यावरण, आणि नवे दुकान कोठे व कधी उघडणार हे चौथ्या परिच्छेदात! बाईंनी चौथा परिच्छेद वर नेला आणि बाकीच्यावर तिरकी रेघ मारली. वाचणाऱ्याने पहिल्या वाक्यानंतर कागद टाकून दिला तरी त्याला बातमी कळली पाहिजे, हा तिचा पहिला धडा.

दुसरा धडा इथल्या बोलण्याचा. "वेळ मिळाला तर त्यावर जरा नजर टाकशील का" याचा अर्थ आज दुपारपर्यंत. "ग्रँड" म्हणजे भव्य नव्हे, "ठीक आहे, चालेल" एवढेच. तिसरा धडा नोंदींचा. आयर्लंडमध्ये २०१५ च्या लॉबिंग कायद्यामुळे मंत्री, खासदार किंवा वरिष्ठ अधिकारी यांच्याकडे ग्राहकासाठी शब्द टाकला तर त्याची नोंद जाहीर नोंदवहीत वर्षातून तीनदा करावी लागते. त्यामुळे कोण कोणाशी, कधी, कशाबद्दल बोलले हे लिहून ठेवण्याची सवय ऑफिसला होती. शिवाय टाइमशीट. कन्सल्टन्सी ग्राहकाकडून तासांवर पैसे घेते, म्हणून इंटर्ननेसुद्धा दर पंधरा मिनिटांचा हिशेब भरायचा. (आमच्या धंद्यातही टाइमशीट आहे. ती शुक्रवारी संध्याकाळी आठवून भरली जाते, ही गोष्ट वेगळी.)

आता मूळ मुद्दा. पाचव्या आठवड्यात माझ्या पत्नीच्या लक्षात आले की डबा रोज अर्धा परत येतो आहे. पोरीचे डोके दुखायचे, रात्री जळजळ व्हायची. "टॅलाच्या हॉस्पिटलात इमर्जन्सीला नेऊ या का?" असा माझा घाबरट प्रश्न. जीपीच्या चिठ्ठीशिवाय तिथे गेले तर १०० युरो पडतात, हे ऐकल्यावर ती एकदम म्हणाली, "नको मामा, माझ्याकडे तेवढे नाहीत." तेव्हा कुठे पे-स्लिप बाहेर आली.

तिचा करार आठवड्याला ३५ तासांचा, तासाला १३ युरो ५० सेंटचा. २०२५ साली तेच किमान वेतन होते (१ जानेवारी २०२६ पासून ते १४ युरो १५ सेंट आहे, वीस वर्षांखालील मुलांना कमी). म्हणजे आठवड्याचे ४७२ युरो ५० सेंट. पहिले चार आठवडे हातात पडले ३२० युरो ८३ सेंट, आणि पाचव्या आठवड्यात २२६ युरो ३३ सेंट. तिला वाटले, या देशात कर असाच असतो आणि आपले काम आवडले नाही म्हणून पाचव्या आठवड्यात पगार कापला. विचारायची लाज वाटली. ताईनेही सांगलीहून फोनवर सांगितले होते, "शिकायला मिळतंय ना, मग पैशाचं विचारत बसू नकोस."

हा होता इमर्जन्सी टॅक्स. नवी नोकरी रेव्हेन्यूकडे, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडे, नोंदवलेली नसली तर मालकाला तुमच्या करसवलती कळत नाहीत. पीपीएस नंबर दिलेला असेल तर पहिले चार आठवडे साधारणतः २० टक्के आयकर कापतात आणि पाचव्यापासून सगळ्यावर ४० टक्के. नंबरच दिला नसेल तर पहिल्या दिवसापासून ४० टक्के. त्यावर यूएससी हा दुसरा कर सरसकट ८ टक्के. पीआरएसआय वेगळा. मालकाचा यात काही दोष नसतो, त्याला तसे करावेच लागते.

उपाय दहा मिनिटांचा. रेव्हेन्यूच्या 'मायअकाउंट'मध्ये जाऊन मालकाचा कर-नोंदणी क्रमांक आणि रुजू झाल्याची तारीख घालून नोकरी नोंदवायची. एकट्या नोकरदार व्यक्तीला २०२५ साली वैयक्तिक २,००० आणि नोकरीबद्दल २,००० युरो अशी करसवलत होती. त्यामुळे वर्षाला २०,००० युरोंपर्यंतच्या पगारावर आयकर शून्य येतो. बारा आठवड्यांच्या इंटर्नला तो भरावा लागण्याचे कारणच नाही. नोंदणीनंतरच्या पहिल्याच पगारात तिचा कापलेला ५६७ युरो आयकर परत आला. यूएससीचाही बहुतेक भाग आला. वर्षाची कमाई १३,००० युरोंच्या आत असली तर यूएससी लागत नाही, म्हणून उरलेला वर्ष संपल्यावर मागता येतो. पीआरएसआय मात्र गेला तो गेला. ज्यांची मुले मागे अशी कापली गेली आहेत त्यांनी जुन्या पे-स्लिपा शोधाव्यात, चार वर्षांपर्यंतचा कर परत मागता येतो.

पे-स्लिपशेजारी तिची टाइमशीट ठेवली तेव्हा दुसरी गोष्ट दिसली आणि ती मला जास्त गंभीर वाटली. चौथ्या आठवड्यात तिने ४३ तास भरले होते. दुपारची तासाभराची सुटी ती घेतच नव्हती, टेबलावरच दोन घास खायची. शिवाय साडेचारला सुटायचे ते सव्वापाच. का? "सगळे बसलेले असतात मामा, मी एकटी कशी उठू?" ही आपली सवय. साहेब उठेपर्यंत बसायचे, आणि त्याला आपण निष्ठा म्हणतो. पण ४७२ युरो ५० सेंट भागिले ४३ केले तर तासाला ११ युरोंच्याही किंचित खाली, म्हणजे किमान वेतनाच्या आत. आणि विद्यार्थ्याच्या स्टॅम्प २ वर जून ते सप्टेंबर आठवड्याला ४० तासांची मर्यादा आहे (सत्र चालू असताना २०). फुकट काम करून ती स्वतःचीच परवानगी धोक्यात घालत होती.

इंटर्नला पैसे द्यावे लागत नाहीत, हा समज इथे अजून ऐकू येतो. २०११ मध्ये सरकारनेच जॉबब्रिज योजना काढली होती. बेकारभत्त्यावर आठवड्याला ५० युरो जादा देऊन पूर्ण वेळ काम करून घ्यायचे. तिच्यावर बरीच टीका झाली आणि २०१६ मध्ये ती बंद झाली, पण समज मागे राहिला. किमान वेतनाच्या २००० सालच्या कायद्यात इंटर्न असा वेगळा सवलतीचा वर्ग नाही. (इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असेल तर आधी कॉलेजला विचारावे, हिची तशी नव्हती.) पगार कसा मोजणार, तास किती, करार किती दिवसांचा, हे रुजू झाल्यापासून पाच दिवसांत लेखी मिळायला हवे. सहा तासांहून जास्त काम असेल तर अर्धा तास विश्रांतीचा हक्क आहे, त्याचे पैसे मिळतीलच असे नाही. आजारपणाची पगारी रजा मात्र १३ आठवडे नोकरी झाल्यावरच लागू होते, त्यामुळे बारा आठवड्यांच्या इंटर्नला ती नाही. अर्थात जेवण सोडून आजारी पडणे तिला परवडणारे नव्हतेच.

मेल लिहायला तिला रविवारची पूर्ण दुपार लागली. पहिला मसुदा आभारांनी भरलेला होता, विनंती शेवटून दुसऱ्या ओळीत. मी काही बोललो नाही. मामी म्हणाली, "तुझ्या बाईंनी सायकलीच्या पत्रकाचं काय केलं होतं?" मग विनंती वर आली. चौथ्या आठवड्यात करार ३५ तासांचा, टाइमशीट ४३ तासांची, जादा ८ तासांचे १०८ युरो कसे मिळतील आणि यापुढे मी साडेचारला निघावे ना? पाच ओळी, सोबत टाइमशीट.

उत्तर सोमवारी दुपारी आले. बाईंना वाटत होते की हिला ट्राम गर्दीची नको म्हणून ही उशिरा निघते! पैसे पुढच्या पगारात मिळाले. मिळाले नसते तर वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे सहा महिन्यांच्या आत तक्रार करता आली असती, आणि तिथे तीच टाइमशीट कामाला आली असती. ते करावे लागले नाही.

डबा रिकामा परत येऊ लागला. डोकेदुखी थांबायला आणखी आठवडा लागला, कारण चष्म्याचा नंबरही बदलला होता.

मायअकाउंट उघडताना ज्यांचे अडते त्यांनी पुढच्या मासिक सभेनंतर मला गाठावे. येताना मुलांची पे-स्लिप, पीपीएस नंबर आणि कराराचा कागद आणावा. चहा मंडळाचा.